उष्टं ऊन

४ मार्च

चि. भिंगरी,

पत्र हातात पडेल तेव्हा तू जेवलेली असशील असं धरून चालतो. नसशील तर आधी जेव आणि मग वाच.

फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझ्या घाईत जातं, म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. जन्मभर लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबली, तेव्हा अक्षराला आणि भाषेला हसू नकोस.

आपल्या गॅलरीसमोरची बैठी गोदामं पाडायला घेतली आहेत. तिथे मोठ्या कंपनीची कचेरी होणार आहे. पत्र्याचं कुंपण घातलंय आणि त्यावर झाडापाखरांचं चित्र काढून लिहिलंय, ‘लागेल तेवढी वीज स्वतः तयार करणारी वास्तू’. खालचे टेलरमास्तर म्हणाले, “मामा, चष्मा लावून तळाची ओळ वाचा, तुमच्या भाचीच्या ऑफिसचं नाव आहे.” वाचलं तर खरंच. अंगावर मूठभर मांस चढलं. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलो. मामी म्हणाली, “आता दूधवाल्याला सांगायचं तेवढं राहिलंय.” त्यालाही सांगितलं.

पण रात्रीपासून डोक्यात भुंगा लागलाय. छतभर त्या काळ्या काचा बसवणार म्हणे. त्यांच्यावर वीज पडते का? पडलीच तर ती उडी मारून आमच्याकडे येईल का? शिवाय बॅटऱ्या ठेवणार. आमच्या लिफ्टच्या घंटेची बॅटरी एकदा फुटली होती, तिच्या पाण्याने माझ्या पँटला भोकं पडली. ती एवढीशी होती. तुमच्या तर खोलीभर असतील. आणि टेलरमास्तरांचं म्हणणं, त्या काचा आजूबाजूचं ऊन ओढून घेतात. मी म्हटलं, भिंगरीला विचारतो.

सवडीने उत्तर दे, पण दे.

तुझा मामा

ता. क. मामी विचारते आहे, थंडीत आपल्या गॅलरीत ऊन येत राहील ना? तिला आता जिना उतरवत नाही. तिचं बाहेर जाणं म्हणजे तेवढी ती गॅलरी.

१९ मार्च

ती. मामा,

जेवले, आणि मग वाचलं.

हो, ते काम माझ्याकडेच आहे. म्हणजे इमारत दुसऱ्यांनी आखली आहे. ती कमीत कमी विजेवर कशी चालेल, ते मी बघते. कळवणारच होते. तुम्हाला पाटीवरून कळावं असं मला वाटत नव्हतं.

तुमचे भुंगे एकेक करून बाहेर काढते. वीज पडलीच तर ती आमच्या तारेवर पडेल आणि जमिनीत जाईल, उडी मारणार नाही. बॅटऱ्या वेगळ्या खोलीत असतील, त्या खोलीला जाड भिंती असतील आणि तुमची पँट तिथपासून लांब असेल. त्या काचा ऊन ओढत नाहीत. त्यांच्यावर जे पडतं तेवढंच त्या घेतात. टेलरमास्तरांना सांगा, ऊन म्हणजे काही दोरा नाही.

इमारत लांबट आणि उंच आहे, आणि तुमच्या गल्लीकडची तिची बाजू उत्तरेची. उत्तरेकडून दिवसभर सारखा, न तापणारा उजेड मिळतो. माणसं त्या बाजूला बसतील, म्हणजे दिवसा दिवे लावायला नकोत. गारवा जमिनीखालच्या नळ्यांमधून येईल. धूर नाही, जनरेटरची घरघर नाही. गोदामांतले ट्रक पहाटे भोंगे वाजवायचे, आठवतं? ते सगळं बंद.

मामा, मी आजवर केलेल्या कामांतलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. मामीला सांगा, माझ्या केसांची पार वाट लागली आहे. तिच्यासारखं तेल इथे कुणी लावत नाही.

तुमची भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. मी ते मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोऱ्याचं वाचून ती हसली. वाचून संपल्यावर म्हणाली, “आणि उन्हाचं?”

मी म्हटलं, “लिहिलंय की. काचा ओढून घेत नाहीत.”

“आपल्या उन्हाचं.”

मी पत्र उलटसुलट करून पाहिलं. म्हटलं, “राहून गेलं असेल. कामात असते पोर.”

“बाकी सगळं लक्षात राहिलं, तुमची पँटसुद्धा,” ती म्हणाली. “ती उन्हाचं विसरणाऱ्यातली नाही.”

तू तिचा स्वभाव जाणतेस. साधी गोष्ट सरळ घेईल तर शपथ. मी तिला म्हटलं, वाईट असतं तर भिंगरीने आधी तेच लिहिलं असतं. लिहिलं नाही याचा अर्थ काळजीचं काही नाही. खरं ना? दोन ओळी टाक म्हणजे हिचं तोंड बंद होईल.

गॅलरीच्या भिंतीवरच्या तुझ्या खुणा अजून आहेत. आई गेल्यावर तू इथे आलीस, कुणाशी बोलायची नाहीस, आणि खिळा घेऊन ऊन कुठवर आलं ते भिंतीवर ओरखडत बसायचीस. घरमालक ओरडला होता. मागे रंग काढला तेव्हा मामीने रंगाऱ्याला तेवढा पट्टा सोडायला लावला. रंगारी म्हणाला, “आजी, वाईट दिसेल.” ती म्हणाली, “मग तू बघू नकोस.”

पाण्याच्या टाकीचं झाकण पुन्हा सैल झालंय, त्याची मला रात्रंदिवस काळजी वाटते. असो.

तुझा मामा

२५ एप्रिल

ती. मामा,

खूप गडबडीत लिहिते आहे. नकाशे मंजुरीला गेलेत, ऑफिसातच झोपायची वेळ आली आहे.

जूनमध्ये शाळेच्या हॉलमध्ये लोकांच्या हरकती ऐकायला सभा ठेवतील. तुम्ही गेला नाहीत तरी चालेल. गर्दी असते, माइक खरखरतो, तुम्हाला ऐकू येणार नाही आणि उगीच डोकं दुखेल. मी तिथे नसणार.

टाकीच्या झाकणावर वीट ठेवा.

भिंगरी

११ जून

चि. भिंगरी,

माझ्या तब्येतीची काळजी करून तू सभेला जाऊ नका म्हणालीस, पण मी गेलो. तुझं काम आणि मी घरी बसायचं म्हणजे काय? इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या रांगेत बसलो, म्हणजे ऐकू येईल.

टाय लावलेले एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. चित्रांत सगळीकडे ऊन होतं आणि माणसं हसत होती. आपली गल्ली मात्र मला त्यात कुठे दिसली नाही, तिथे नुसता करडा पट्टा होता. मी म्हटलं, वेळ नसेल झाला काढायला.

मग टेलरमास्तर उठले. त्यांचं मशीन दारात असतं हे तुला ठाऊकच आहे. म्हणाले, “साहेब, मी काळ्या कापडावर काळा दोरा घालतो, उन्हाच्या उजेडात. थंडीत सूर्य खाली असतो. तुमची भिंत एवढी उंच, तर माझ्या दारात ऊन येणार की नाही, एवढंच सांगा.”

साहेब म्हणाले, “सगळा अभ्यास झालेला आहे.”

“झाला असेल. येणार की नाही?”

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई उठल्या, कोपऱ्यावरचा सायकलवाला उठला. सगळ्यांनी मिळून लेखी हरकत द्यायचं ठरत होतं. मला बघवेना. तुझं रात्रंदिवस केलेलं काम ही माणसं काही न कळता मोडायला निघालेली. मी उठलो. मी लोकांसमोर कधी बोललो नाही, लिफ्टमध्ये सगळे पाठमोरे असतात. पण उठलो आणि म्हणालो, “या कामावर माझी भाची आहे. ती याच गल्लीत वाढली. मी तिला हेच दोनदा विचारलंय. तसं काही असतं तर तिने मला सांगितलं असतं. ती माझ्यापासून काही लपवत नाही.”

टेलरमास्तर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “मामा म्हणताय म्हणजे मग झालं,” आणि बसले. सगळेच बसले. साहेबांनी येऊन माझा हात हातात घेतला. हरकत कुणीच दिली नाही.

घरी येऊन मामीला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. तुझा ऊर भरून येईल म्हणून तुला लगेच लिहिलं.

तुझा मामा

३ ऑक्टोबर

ती. मामा,

इतके दिवस पत्र नाही, रागावला असाल. तीनचार वेळा लिहायला बसले, पूर्ण झालं नाही.

मामीसाठी एक हीटर पाठवते आहे. चांगल्यातला आहे, वीज कमी खातो. तिच्या पायाशी ठेवा. पडला तर आपोआप बंद होतो, तेव्हा तुम्ही रात्री उठून बघायची गरज नाही. बिल वाढलं तर मला सांगा, मी भरेन.

भिंगरी

१४ डिसेंबर

चि. भिंगरी,

मागच्या वर्षी ऑक्टोबरात तू हीटर पाठवलास, तेव्हा मला वाटलं, किती माया. तेव्हा समोर नुसता खड्डा होता आणि गॅलरीत पहिल्यापेक्षा जास्तच ऊन येत होतं. मामीने हीटरचा खोका न उघडता कपाटावर ठेवायला लावला. मी म्हटलं, “अगं, एवढ्या प्रेमाने पाठवलाय.” ती म्हणाली, “लागेल तेव्हा काढू. तिला माहीत आहे, कधी लागेल ते.” मला त्याचा अर्थ आत्ता लागला.

पावसाळ्यात मजले चढत गेले तेव्हा सूर्य डोक्यावर होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळी गेली आणि सावली आमच्या पायरीला लागली, मग दाराला, मग गॅलरीच्या कठड्याला. मामी खुर्ची सरकवत गेली. आधी हातभर, मग पार कोपऱ्यात, जिथे झाडू ठेवतो तिथे. गेल्या आठवड्यात खुर्ची सरकवायला जागा उरली नाही. तरी रोज सकाळी शाल घेऊन जाऊन बसते. मी म्हणतो, आत ये. म्हणते, “जरा बघते, येईल.” तिला सगळं कळतं, आणि तरी म्हणते.

हीटर काढला. तो पाय भाजतो आणि पाठ गार ठेवतो. तिची बोटं वळत नाहीत, वेणी मी घालतो. वाकडी होते.

समोर काचेपलीकडे तुमची माणसं बसायला लागली आहेत. दिवसा त्यांना दिवे लागत नाहीत, हे तुझं अगदी बरोबर निघालं. टेलरमास्तरांना लागतात. दुपारी दिवा लावून बसतात. मी जिना उतरलो की म्हणतात, “मामा, भाचीला विचारून सांगा, उजाडलं का.” रोज म्हणत नाहीत. न म्हटलं त्या दिवशी जास्त लागतं. सायकलवाला माझ्या सायकलीत हवा भरायला आता ‘उद्या या’ म्हणतो. मी मागच्या रस्त्याने जातो-येतो.

भिंगरी, तुला हे आधी ठाऊक होतं का? एवढं एकच विचारतो. या खेपेला विजेबद्दल काही लिहू नकोस.

तुझा मामा

२६ डिसेंबर

ती. मामा,

ठाऊक होतं. तुमचं पहिलं पत्र येण्याआधीपासून. इमारतीची सावली कुठे पडेल ते काढणं, हे माझ्या कामातलं पहिलं काम असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळंच लिहिते. इमारत रस्त्याकडे सरकवली असती तर गल्लीला ऊन मिळालं असतं, पण मग झाडं तोडावी लागली असती. दोन मजले कमी केले असते तर तेवढी माणसं दुसऱ्या जुन्या इमारतीत बसली असती, जिथे दिवसभर दिवे आणि यंत्रं चालतात. मी हे एकदा बैठकीत मांडलं. साहेबांनी विचारलं, त्या गल्लीला नियमाने उन्हाचा काही हक्क आहे का? नाही म्हटलं. विषय संपला. मी दुसऱ्यांदा मांडला नाही. मांडला असता तर काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं आणि भिंत तेवढीच राहिली असती.

मामा, अख्खी इमारत धुराचा एक कण न काढता चालते. अशा शंभर झाल्या तर किती जणांचं भलं होईल, हे गॅलरीतून नाही दिसत. थंडीचे थोडे महिने, आणि एक गल्ली. हे मला रोज स्वतःला सांगावं लागतं, ते वेगळं.

आणि एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. सभेत उठून बोलायला मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. जाऊ नका असंच लिहिलं होतं. लोकांनी हरकत दिली असती तर कदाचित साहेबांना ऐकावं लागलं असतं. माझ्या नावावर तुम्ही सगळ्यांना खाली बसवलंत. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले.

भिंगरी

५ जानेवारी

चि. भिंगरी,

बरोबर आहे. तू सांगितलं नव्हतंस. तू काहीच सांगितलं नव्हतंस.

जाऊ नका म्हणालीस तेव्हा मी समजलो, माझ्या कानांची काळजी आहे.

नर्सबाईंनी दवाखान्यातून एक गुळगुळीत मासिक आणून दिलं. त्यात तुझा फोटो आहे, बक्षीस घेताना. छान दिसतेस, केस मात्र खरंच विरळ झालेत. त्यात तू सांगितलंयस, लहानपणी मामाच्या गॅलरीत खिळ्याने उन्हाच्या खुणा करता करता मला हे काम सुचलं. मामीने ते पान दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “त्यांना पत्ता द्यायला हवा होता तिने. येऊन बघून गेले असते.”

मामा

२१ जानेवारी

ती. मामा,

मी शब्दाला शब्द वाढवत नाही. एक करता आलं, ते केलं आहे.

इमारतीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यावर एक उंच खांब उभा राहील आणि त्यावर फिरता आरसा. सकाळी तो सूर्याबरोबर हळूहळू वळेल आणि तुमच्या गॅलरीत ऊन पाडेल. मामीच्या खुर्चीची जागा मी आठवणीने काढून दिली आहे. एकाच गॅलरीपुरती परवानगी मिळाली. टेलरमास्तरांच्या दारासाठी विचारलं, नाही म्हणाले. त्यासाठी मी साहेबांशी किती भांडले ते लिहीत नाही. त्यांनी हो म्हटलं ते फोटो चांगला येईल म्हणून, हेही मला कळतं. तरी ऊन ते ऊनच.

मामीला एवढं सांगा, की मी विसरले नव्हते.

मार्चमध्ये उद्घाटन आहे, तेव्हा येईन. घरी येऊ ना?

तुमची भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आरसा बसला. सोमवारी सकाळी एकदम गॅलरीत उजेड पडला. मी मामीला हाक मारली. तिला धरून आणली, खुर्चीत बसवली. उजेड बरोबर तिच्या मांडीवर. तुझी जागा अगदी अचूक होती.

ती जरा वेळ बसली. मग म्हणाली, “सकाळचं ऊन मावळतीकडून येतंय.”

मी म्हटलं, “आरशातून आहे ना ते. भिंगरीने पाठवलंय.”

“त्यांचं घेऊन झाल्यावर उरलं ते?”

“असं कशाला म्हणायचं?”

“मग कसं म्हणू? ताट ओढून घेतलं आणि वर वाटीत घालून दिलं. उष्टं ऊन मला नको.” आणि मला म्हणाली, “खुर्ची फिरवा.”

मी फिरवली. आता ती भिंतीकडे तोंड करून बसते, तुझ्या खुणांसमोर. पाठीवर सुद्धा पडू नये म्हणून शाल डोक्यावरून घेते. खाली टेलरमास्तरांना आमच्या गॅलरीतला तो पिवळा तुकडा दिसतो. त्यांचं दार अंधारात आणि आमच्याकडे कंपनीने ऊन लावून दिलेलं. परवा त्यांनी विचारलं, “मामा, सभेत उठायच्या आधीच ठरलं होतं का हे?” मी नाही म्हटलं. ते दोरा ओवत राहिले. आरसा त्यांच्या दाराकडे वळव म्हणून तुला लिहू का असं विचारलं, तर म्हणाले, “नको. मामी म्हणतात तेच बरोबर आहे.” म्हणजे गल्लीभर झालंय ते.

फोटोवाला येऊन गेला. मामीने तोंड वळवलं नाही. त्याने रिकाम्या कठड्याचा फोटो काढला.

तुझ्यापासून लपवत नाही, दुपारी ती आत पडते तेव्हा आरसा वळून गेलेला असतो, म्हणून मी सकाळीच, ती अंघोळीला गेली की, चोरासारखा जाऊन त्यात पाय ठेवतो. कोमट आहे. पहिल्यासारखं हाडात शिरत नाही. आणि ते तुझ्या एकाही खुणेपर्यंत पोहोचत नाही, बोटभर खालीच राहतं. तुमच्या हिशोबात काही चुकलंय का ते बघ, किंवा राहू दे.

घरी येऊ का म्हणून विचारतेस. हे विचारायची वेळ यावी, याचंच वाईट वाटतं. घर तुझंच आहे. मामी तेल कोमट करून ठेवेल, तिचा हात चालला तर केसांनाही लावेल. बोलेल की नाही ते सांगत नाही. समोरच्या दाराने येऊ नकोस, मागच्या रस्त्याने ये. मी तिथे उभा राहीन.

आणि यायच्या आधी कळव. म्हणजे तेवढ्या वेळापुरती मी खुर्ची सरळ करून ठेवीन.

तुझा मामा